वाईनचं द्राक्ष लावायचंय? आधी थंडी मोजा, मग वाण निवडा

२००६ साली आमच्या नाल्याकाठच्या दोन एकरांत मी लाल वाईनची कॅबरने सॉव्हिन्यॉ लावली. जमीन गावात नावाजलेली, काळीभोर, उसाला आणि गव्हाला एक नंबर. वेली दुसऱ्याच वर्षी वरच्या तारेवर गेल्या, पानं पंजाएवढी झाली, शेंडे थांबायचं नाव घेईनात. येणारा-जाणारा बांधावर थांबून कौतुक करायचा. तिसऱ्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात माल काढायला आला. वायनरीच्या माणसाने चार मणी तोंडात टाकले, चावले, बिया तळहातावर काढल्या आणि मला दाखवल्या. बिया हिरव्या होत्या. "काका, साखर आहे, पण चवीला ढोबळी मिरची लागतेय," तो म्हणाला. माल गेला, पण पडलेल्या भावाने.

त्याच वर्षी टेकाडावरच्या मुरमाड तुकड्यातल्या शिराझने सगळा खर्च काढून दिला. त्या तुकड्यात आजोबा फक्त हुलगे पेरायचे.

तेव्हापासून कोणी विचारलं की "काका, कोणता वाण लावू?" तर मी आधी दोन गोष्टी विचारतो. तुमच्याकडे थंडी कधी पडते आणि कधी सरते? आणि तीन फुटांखाली काय लागतं? या दोन उत्तरांवरच पुढचं सगळं ठरतं. टेबल द्राक्षात, म्हणजे खायच्या द्राक्षात, आपण वाण आणून जमिनीला त्याच्याजोगं करतो. खत, जीए हे संजीवक, पाणी यांनी मणी फुगवतो. वाईनमध्ये तसं करता येत नाही, कारण तिथे मण्याचा आकार विकला जात नाही. विकली जाते ती साल, बी, आंबटपणा आणि वास.

आपलं वर्ष उलटं चालतं

वाईनचे बहुतेक वाण युरोपातून आले. तिथे वेल हिवाळाभर झोपते, एप्रिलच्या सुमारास फुटते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्ष पिकतं. म्हणजे द्राक्ष पिकायला लागतं तेव्हा हवा थंड होत चाललेली असते. मण्यात साखर सावकाश भरते आणि आंबटपणा टिकून राहतो.

आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून आपण तिची दोनदा छाटणी करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यावर काडी तयार होते. आणि पावसाळा ओसरता फळछाटणी, तिच्यावर माल येतो. डिसेंबर-जानेवारीत मण्यात पाणी उतरतं आणि फेब्रुवारी उजाडला की हवा तापायला लागते. म्हणजे आपलं द्राक्ष पिकतं चढत्या उन्हात. वाईन द्राक्षाची आपल्याकडची सगळी अडचण आणि सगळी युक्ती या एका गोष्टीत आहे. थंडी सरायच्या आत साखर, आंबटपणा आणि बी यांचा मेळ बसला तर वाईन चांगली होते. मार्चचं ऊन लागलं की आंबटपणा झपाट्याने खाली येतो, साखर वर जाते, आणि बी व साल मागे राहतात.

वाण आणि जागा यांची जोडी कशी लागते, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण फ्रान्समधल्या बोर्दोचं. आपल्या बोर्डो मिश्रणाला ज्या गावाचं नाव मिळालं, तेच हे बोर्दो. १८८० च्या दशकात तिथल्याच द्राक्षबागांत ते केवडा या बुरशीरोगावर पहिल्यांदा वापरलं गेलं. तिथे जिरोंद खाडीच्या आणि गारोन नदीच्या डाव्या बाजूला गोट्यांची, निचऱ्याची जमीन आहे. गोटे दिवसा तापतात, पाणी थांबू देत नाहीत. उशिरा पिकणारी कॅबरने सॉव्हिन्यॉ तिथे पिकते. उजव्या बाजूला, दोर्दोन्य नदीपलीकडे, चिकणमाती जास्त. ती थंड आणि ओली राहते. तिथे कॅबरने मागे पडते, म्हणून लवकर पिकणाऱ्या मर्लोचं राज्य. अंतर काही मैलांचं, हवा जवळपास एकच, आणि वाण वेगळा. माझ्या नाल्याकाठच्या आणि टेकाडावरच्या तुकड्यांत तर चारशे फुटांचं अंतर होतं.

पहिली पायरी: एक हिवाळा फक्त नोंदी

कमाल-किमान दाखवणारा साधा थर्मामीटर घ्या. जिथे बाग करायची तिथेच, सावलीत, कमरेइतक्या उंचीवर टांगा. घराच्या ओट्यावरचं तापमान शेतातल्या तापमानाशी जुळत नाही; खोलगट भागात पहाटेची थंडी साचते, उताराच्या अंगाला ती घसरून जाते. १ सप्टेंबर ते ३१ मार्च रोज सकाळी दोन आकडे वहीत लिहा. पाऊस झाला तर तोही.

मग एक सोपं गणित करा. दिवसाचं कमाल आणि किमान यांची सरासरी काढा आणि त्यातून १० वजा करा, कारण १० अंशांच्या खाली द्राक्षवेल जवळपास वाढत नाही. डिसेंबरात कमाल २८, किमान १० असेल तर सरासरी १९, म्हणजे त्या दिवशी ९ उष्मांश मिळाले. मार्चमध्ये ३६ आणि १८ असेल तर सरासरी २७, म्हणजे १७. वेलीसाठी मार्चचा एक दिवस डिसेंबरच्या जवळजवळ दोन दिवसांइतका तापलेला असतो. अमेरीन आणि विंकलर या द्राक्षशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात १९४४ साली अशा रोजच्या आकड्यांची हंगामभराची बेरीज करून प्रदेशांचे पाच वर्ग पाडले आणि कोणत्या वर्गात कोणता वाण चालेल ते मांडलं. आपलं मात्र नुसती बेरीज पाहून भागत नाही. तेवढीच ऊब आधी मिळते की शेवटी, हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं आहे. म्हणून वहीत एक गोष्ट लाल शाईने खूण करा: किमान तापमान सलग आठवडाभर १५ च्या वर राहायला लागलं ती तारीख. आमच्याकडे ती बहुधा फेब्रुवारीच्या शेवटी येते. पांढऱ्या वाईनचा माल त्या तारखेच्या बराच आधी घरातून गेलेला हवा.

दुसरी पायरी: खड्डा

तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. शेताच्या वरच्या टोकाला एक, मध्ये एक, खालच्या टोकाला एक. जेसीबी बोलावू नका, कुदळीनेच खणा. कुठे जड गेलं, कुठे ओल लागली, कुठे खडखडाट झाला, हे हाताला कळलं पाहिजे.

खड्ड्याची भिंत पाहा. वर फूट-दीड फूट माती आणि खाली फुटका मुरूम असेल तर लाल वाईनसाठी याहून चांगली जागा नाही. मुळं मुरमाच्या फटीत शिरतात, पाणी थांबत नाही, वेल आटोपशीर राहते. तीन फुटांपर्यंत नुसती काळी माती असेल आणि ती वाळल्यावर भेगाळत असेल, तर वेल माजणार. अशा जमिनीत पांढरा वाण जमवता येईल, कॅबरने नाही. पांढरे चुनखडीचे खडे दिसले तर त्यावर थोडं व्हिनेगर टाकून पाहा. जोरात फेस आला तर चुना मोकळा आहे, आणि पुढे पानं पिवळी पडून लोहाची कमतरता दिसणार हे धरून चाला. संध्याकाळी खड्डा पाण्याने भरा. सकाळी पाणी तसंच असेल तर तिथे द्राक्ष लावू नका, किंवा आधी चर काढा.

माती आणि विहिरीचं पाणी दोन्ही तपासायला द्या. सामू (पीएच), चुनखडी, आणि पाण्याचा ईसी (क्षारांचं माप) व क्लोराइड हे आकडे पाहा. पाण्याचा ईसी १ च्या आत असेल तर निश्चिंत. वर असेल तर खुंट, म्हणजे ज्या मुळांवर वाणाचं कलम करतात ते रोप, निवडताना तो आकडा आधी लागेल.

आपले भाग आणि त्यांचा स्वभाव

नाशिक जिल्हा एक धरू नका. पश्चिमेला इगतपुरीकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर जातो, पूर्वेला निफाड-येवल्याकडे तो पाच-सहाशेवर येतो. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंची मात्र बहुतेक ठिकाणी आहे, आणि तीच रात्री थंड ठेवते.

गंगापूर धरणाचा परिसर आणि दिंडोरी हा मध्यम पावसाचा, लाल-मुरमाड उतारांचा भाग. १९९७ साली सुला वायनरीच्या राजीव सामंत यांनी गंगापूर भागात सॉव्हिन्यॉ ब्लाँ आणि चेनिन ब्लाँ लावली, आणि इथली पांढरी वाईन देशभर गेली ती तिथून. दिवस २८-३० अंश आणि रात्र १०-१२, असा फरक इथे दोन महिने मिळतो. पांढऱ्या वाणांना हेच लागतं. इगतपुरीकडे संजेगाव परिसरात रात्री चांगल्या गार असतात, पण पाऊस लांबतो; तिथे छाटणी उशिरा धरावी लागते. निफाडची थंडी तर सगळ्या महाराष्ट्राला बातम्यांतून पाठ आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर आला की छापून येतं. इतक्या थंडीत मण्याची फुगवण अडते. टेबल द्राक्षवाला त्याने हवालदिल होतो, वाईनवाल्याचं तितकं बिघडत नाही, कारण त्याला लहानच मणी हवा असतो. बिघडतं ते निफाडच्या खोल काळ्या जमिनीने. तरी त्याच तालुक्यात सिसिलीच्या ग्रिल्लो आणि नेरो द'आव्होला या वाणांची लागवड झाली आहे. ते मुळात उष्ण बेटावरचे, आंबटपणा धरून ठेवणारे वाण आहेत, म्हणून निवड विचारपूर्वक वाटते.

पुणे जिल्ह्यात नारायणगाव-जुन्नर हा जुना भाग. शॅम्पेन इंडेज कंपनीच्या श्यामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात इथूनच फसफसती वाईन परदेशी पाठवली. सांगलीत पलूस, तासगाव, कवठेमहांकाळ हा कोरडा पट्टा. पाऊस कमी म्हणून रोग कमी, बेदाणा वाळतो तोही त्यामुळेच. पण रात्री नाशिकइतक्या थंड नसतात. इथे लाल वाण बरे. सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज आणखी गरम आणि कोरडं. तिथे इटलीतल्या टस्कनीची सँजिओवेझे लावली गेली आणि तिची वाईन नावारूपाला आली. या वाणात आंबटपणा जात्याच जास्त असतो, त्यामुळे उन्हात थोडा गेला तरी उरतो. महाराष्ट्राबाहेर बंगळूरजवळची नंदी टेकडी आणि हंपीचा खडकाळ भाग हे कॅबरने आणि शिराझचे भाग. वेळ मिळाला तर एकदा जाऊन पाहा, विशेषतः हंपीचे दगड.

तिसरी पायरी: वाण

इथे घाई करू नका. एकदा लावलेली वेल पंधरा-वीस वर्षं तुमच्या शेतात राहते.

सॉव्हिन्यॉ ब्लाँ लवकर पिकते. आमच्या वहीत फळछाटणीपासून १२५ ते १३५ दिवस आहेत. हिच्यातला गवताचा, पेरूचा, लिंबाच्या पानाचा वास उन्हाने उडतो, म्हणून थंड रात्रींचा भाग आणि जानेवारीअखेरची तोडणी, या दोन गोष्टी नसतील तर लावू नका. घड घट्ट असतात, सकाळचं दव राहिलं तर आत कूज लागते. पानांची वाढ भरपूर, त्यामुळे भारी जमिनीत हात टेकावे लागतात. काढणीजवळ तांब्याची फवारणीही करू नका. मण्यावरचं तांबं हिचा वास मारतं.

चेनिन ब्लाँ हा माझ्या मते नाशिकसाठी सगळ्यात विश्वासू वाण आहे. मूळ फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली, पण दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातही ती पिढ्यान्‌पिढ्या रुजली आहे. कारण एकच, ऊन वाढलं तरी हिचा आंबटपणा सहज पडत नाही. उत्पन्नही बरं देते. त्याच द्राक्षापासून कोरडी, गोड आणि फसफसती अशा तिन्ही तऱ्हा होतात, त्यामुळे वायनरीला ती नेहमी लागते. पहिल्यांदाच वाईन द्राक्षात उतरणाऱ्याने पांढऱ्यात हीच घ्यावी. तिचा दोष असा की जास्त माल धरला की चव पाण्यासारखी होते.

शार्डोने आणि पिनो न्वार आपल्याकडे स्थिर, म्हणजे न फसफसणाऱ्या, वाईनसाठी कठीण आहेत. दोन्ही थंड प्रदेशातल्या, पिनोची साल तर फारच पातळ. फसफसत्या वाईनसाठी मात्र १८ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आसपास, आंबटपणा भरपूर असतानाच तोडतात. तिथे त्यांचं जमतं. पण त्यासाठी घेणारी वायनरी आधीच ठरलेली हवी, कारण तो माल दुसरीकडे कुठे चालत नाही. व्हिओनिए उन्हाला पुरते, जर्दाळूचा वास पूर्ण पिकल्यावरच देते, माल कमी देते.

लाल वाणांत शिराझ पहिली. मूळची फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली, ऑस्ट्रेलियाच्या उन्हात नावाजलेली. मुरमाड, हलक्या जमिनीत ती मनापासून पिकते; १४० ते १५० दिवस धरा. नाशिक, नारायणगाव, पलूस, अकलूज सगळीकडे चालते, आणि नवख्याची चूकही सांभाळून घेते. एक खूण लक्षात ठेवा. मणी शेवटी सुरकुततात. वेलीला ताण पडला असेल तर ही सुरकुती पिकण्याच्या आधीच येते. साखर फुगलेली दिसते, पण ते मण्यातलं पाणी उडाल्याने. अशा वेळी साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबू नका, बी चावून पाहा.

कॅबरने सॉव्हिन्यॉ उशिराची, १५५ ते १६५ दिवसांची. साल जाड, मणी बारीक, रोगाला काटक. पण पूर्ण पिकली नाही किंवा घड सावलीत राहिला की तिच्यात तोच ढोबळी मिरचीचा वास राहतो जो मी २००९ ला चाखला. माजलेली वेल, दाट पानं आणि भारी जमीन या तिन्ही गोष्टी तो वास वाढवतात. उथळ मुरमाची जमीन, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी जमण्याइतका कमी पाऊस, आणि मर्यादित माल, हे तीन जुळले तरच ती लावा. जुळले तर तिच्यासारखी वाईन दुसरी होत नाही.

मर्लोचं आपल्याकडे लवकर बिनसतं. साखर धावते, आंबटपणा कोसळतो, तोडणीला चार-पाच दिवस मिळतात. टेम्प्रानिलो स्पेनची, नावातच 'लवकर' हा अर्थ आहे, आणि लवकर पिकणं हा आपल्याकडे मोठा गुण. आंबटपणा मात्र मुळात कमी, म्हणून थंड रात्रींचा भागच हवा. झिनफँडेलच्या एकाच घडात हिरवा, लाल आणि सुकलेला मणी एकत्र दिसतो. रोझे वाईनसाठी ते खपून जातं. कोरड्या, गरम भागात ग्रनाश दोन ओळी लावून पाहण्यासारखी आहे, पाण्याचा ताण सोसते.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एआरआय-५१६ हा संकरित वाण केवड्याला फारशी दाद देत नाही. त्याचा मुख्य उपयोग रसासाठी. वाईनसाठी घेणार कोण, हे विचारूनच पुढे जा.

चौथी पायरी: रोपाआधी करार

वाईन द्राक्षाला मार्केट यार्ड नाही. वायनरीने नाकारलेली शिराझ हातगाडीवर विकता येत नाही. मणी बारीक, दोन-तीन बिया, जाड साल. राज्याचं २००१ चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले, आणि त्या उत्साहात नाशिक भागात हजारो एकर लागले. पुढे २००८-०९ च्या मंदीत मागणी बसली. माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या बागा कुऱ्हाडीने तोडल्या. काहींचे पैसे आजही अडकलेले आहेत. हे विसरून कोणी लावू नये, असं मला कळकळीने वाटतं.

करारात वाण, क्षेत्र, वर्षं, भाव, ब्रिक्सची खालची आणि वरची मर्यादा, एकरी मालाची मर्यादा, तोडणीची तारीख कोण ठरवणार, वाहतूक कोणाची, पैसे किती दिवसांत, हे सगळं लिहून घ्या. शेवटचे दोन मुद्दे लोक तोंडी ठेवतात. ते तोंडी ठेवू नका. आणि तारीख वायनरीने पुढे ढकलली तर घटणाऱ्या वजनाचं काय, हे वाक्य आवर्जून घाला. पाच दिवस उशीर झाला की सुकून वजन जातं, आणि ते तुमचं जातं.

पाचवी पायरी: खुंट

आपल्याकडे डॉगरीज हाच खुंट सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय. कोरडवाहूत तगतो, खारं पाणी सोसतो. पण तो वेलीला फार जोर देतो आणि जमिनीतून पालाश (पोटॅश) भरपूर उचलतो. टेबल द्राक्षात हे चालतं. वाईनमध्ये पालाश जास्त झाला की रसाचा सामू वाढतो, रंग मंद होतो, वाईन टिकत नाही. माझी नाल्याकाठची कॅबरने डॉगरीजवर होती, म्हणजे काळ्या जमिनीच्या जोराला खुंटाचा जोर.

वाईनसाठी ११०-आर हा खुंट मध्यम जोराचा, पाण्याचा ताण सोसणारा, आणि चांगल्या पाण्यावर बहुतेक ठिकाणी जमतो. पाणी थोडं खारं असेल तर ११०३ पॉल्सन किंवा १४० रुगेरीचा विचार करा. अगदी उथळ, निकस मुरमात मात्र डॉगरीजचा जोर उपयोगीही पडतो. पाण्याचा अहवाल घेऊन मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जा; खुंट आणि वाण यांच्या जोडीवर तिथे बरंच काम झालेलं आहे.

सहावी पायरी: लावणी आणि वळण

ओळी उत्तर-दक्षिण ठेवा. ओळीत आठ फूट, वेलीत चार फूट धरलं तर एकरी १३६१ वेली बसतात. वेलीला साडेतीन किलो माल धरला तर पावणेपाच टनांच्या आसपास. टेबल द्राक्षाच्या दहा-बारा टनांची सवय असलेल्या माणसाला हे पाहून चुकल्यासारखं होतं. लाल वाईनसाठी तेवढाच धरा. चेनिनला थोडा जास्त चालतो.

खुंट फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा, कलम ऑगस्ट-सप्टेंबरात पाचर पद्धतीने करा. नंतरच्या वर्षी रिकट घेऊन, म्हणजे कलमाची काडी खाली छाटून, खोड आणि ओलांडा (तारेवरची आडवी फांदी) तयार करा. त्या वर्षी घड दिसतील, मोह होईल, काढून टाका. मांडव नको, वाय आकाराचा आधार नको. वाईनसाठी उभी तार बरी. ओलांडा अडीच-तीन फुटांवर, त्याच्यावर तारांच्या जोड्यांत फुटी उभ्या ठेवायच्या. घडांच्या पट्ट्यातली पानं काढायची ती फक्त पूर्वेच्या अंगाची. सकाळचं कोवळं ऊन घडाला मिळतं, दव लवकर सुकतं, आणि पश्चिमेच्या पानांनी दुपारचं ऊन अडतं. दोन्ही बाजूंची पानं ओरबाडलेली बाग मी फेब्रुवारीत पाहिली आहे. पश्चिमेचे मणी तांबूस होऊन भाजलेले होते.

सातवी पायरी: छाटणीची तारीख

युरोपातल्या शेतकऱ्याला हवा बदलता येत नाही. आपल्याला छाटणीची तारीख पुढे-मागे करून काही प्रमाणात बदलता येते, आणि ही आपल्या हातातली फार मोठी गोष्ट आहे.

पहिल्या पायरीतली लाल खुणेची तारीख घ्या. लाल वाणांसाठी तीच, पांढऱ्यासाठी तिच्या तीन-चार आठवडे आधीची तारीख ही तोडणीची शेवटची. तिथून वाणाचे दिवस मागे मोजा. समजा शेवटची तारीख २५ फेब्रुवारी आणि वाण शिराझ, १५० दिवस. मागे मोजलं की २८ सप्टेंबर येतो. त्याच्या पुढे छाटू नका. कॅबरनेचे १६५ दिवस मोजले तर १३ सप्टेंबर. आता दुसऱ्या बाजूने पाहा. फुलोरा छाटणीनंतर साधारण ४० दिवसांनी येतो. १३ सप्टेंबरची छाटणी म्हणजे २३ ऑक्टोबरचा फुलोरा, आणि तोवर परतीचा पाऊस तुमच्या भागातून गेलेला असतो का? फुलोऱ्यात दोन दिवस झड लागली तर गळ आणि कूज दोन्ही होतात, केवडा तर घडावरच येतो. तुमच्या वहीतल्या पावसाच्या नोंदी सांगत असतील की ऑक्टोबरअखेरपर्यंत पाऊस राहतो, तर उशिराचा वाण तुमच्या गावाला नाही. वाण निवडीची हीच खरी कसोटी आहे, आणि ती कागदावर अर्ध्या तासात करता येते. मी ती २००६ ला केली नव्हती.

छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंग आपण करतोच. वाईन बागेत ते जास्तच काळजीने करा. डोळे मागे-पुढे फुटले की घड मागे-पुढे पिकतात, आणि वायनरीच्या टाकीत ते एकत्रच पडतात.

पिकताना

मण्यात पाणी उतरलं, लाल वाणांत रंग भरायला लागला, की ड्रिपचं पाणी हळूहळू कमी करा. वेल थांबली पाहिजे, सुकली नाही पाहिजे. शेंड्याची वाढ बंद आणि बुडाची पानं हिरवी, ही खूण. टेबल द्राक्षात गोडीसाठी शून्य-शून्य-पन्नास हे पालाशचं खत मारायची आपल्याला सवय आहे. वाईन बागेत देठ परीक्षणात कमतरता दिसल्याशिवाय ते मारू नका, कारण तोच पालाश, तोच सामू. भुरी या बुरशीरोगासाठी गंधक चालतं, पण काढणीच्या महिनाभर आधी थांबवा. मण्यावर राहिलेलं गंधक आंबवताना सडक्या अंड्यासारखा वास देतं.

तोडणीच्या तीन आठवडे आधीपासून आठवड्यातून दोनदा नमुना घ्या. दोनशे मणी, ओळीच्या दोन्ही अंगांनी, घडाच्या वरून, मधून, खालून. मी सुरुवातीला फक्त हाताला येणारे टपोरे मणी तोडायचो आणि ब्रिक्स दोनाने जास्त यायचं. मणी पिशवीत चुरडून रस गाळा. पांढऱ्यासाठी २० ते २२ ब्रिक्स आणि सामू ३.२ ते ३.४, लालसाठी २३-२४ ब्रिक्स आणि सामू ३.६ च्या आत, हे ढोबळ आकडे. वायनरीचे आकडे वेगळे असतील तर ते पाळा.

मग दहा मणी तोंडात टाका. आधी नुसता रस गिळा आणि आंबटपणा जिभेच्या कडेला लागतो का पाहा. साल दाढेखाली चावत राहा. हिरव्या केळ्यासारखी तुरट ओढ येत असेल तर थांबा, ती मऊ झाली आणि बोटांना रंग लागला तर जवळ आलात. शेवटी बी. हिरवी आणि चिवट असेल तर कच्ची. तपकिरी झालेली बी दाढेखाली भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कट्‌कन फुटते.

ती फुटली की वायनरीला फोन करा आणि मजुरांना पहाटे चारला बोलवा. डोक्याला बॅटरी, हातात कात्री, वीस किलोचे स्वच्छ क्रेट. ऊन वर यायच्या आत गाडी शेतातून निघाली पाहिजे.